दोन शहरांमधलं विमानाचं अंतर सांगणाऱ्या साइट्स: किलोमीटर झकास, तास मात्र रामभरोसे

कुठल्याही दोन लांबच्या शहरांची नावं टाकून "विमानाने किती तास" असं सर्च करा, ढिगाने साइट्स येतात आणि सगळ्यांचा तोंडवळा एकच. वर दोन रकाने, इथून आणि तिथे, मधे एक बटण, खाली नकाशा, नकाशावर एक वाकडी रेघ, आणि मग मोठ्या ठळक अक्षरात अंतर आणि त्याच्याखाली तितक्याच ठळक अक्षरात तास-मिनिटं. मी ह्या साइट्स भरपूर वापरते, कधी कामासाठी, बरेचदा उगाच टाइमपास म्हणून, आणि दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच की ह्यातलं खरं किती धरायचं. तर ज्यांना लांबलचक वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते, किलोमीटरला पाचपैकी साडेचार स्टार, तासांना पाचपैकी दीड, आणि तो दीड पण दया म्हणून.

आधी चांगलं बोलू. अंतर जे दाखवतात ते बहुतेक ठिकाणी बरोबर असतं कारण ते गणित सोपं आहे आणि जुनं आहे. दोन ठिकाणांचे अक्षांश रेखांश घ्यायचे, पृथ्वी म्हणजे ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल धरायचा आणि त्या गोलाच्या पृष्ठभागावरून सगळ्यात जवळचा रस्ता काढायचा, ह्यालाच ग्रेट सर्कल अंतर म्हणतात. पृथ्वी काही अगदी गोल नाही, विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवापाशी ६,३५७ किमी भरते, त्यामुळे साध्या गोलाच्या सूत्रात फार तर अर्धा टक्का इकडेतिकडे होतं. थोड्या शहाण्या साइट्स पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी धरून हिशोब करतात. त्यासाठी १९७५ सालचं विन्सेंटी ह्यांचं सूत्र अजून बऱ्याच ठिकाणी चालतं, फक्त दोन जागा पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असल्या की ते गटांगळ्या खातं, मग नंतरची सुधारलेली पद्धत वापरावी लागते. आपल्याला प्रवासापुरतं ह्याने काही बिघडत नाही. सिंगापूर ते न्यूयॉर्क एका साइटवर १५,३३० दाखवलं आणि दुसरीवर १५,३५० म्हणून कोणी भांडायला जाऊ नये. एक सोपी चाळणी मात्र लक्षात ठेवा, पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधलं सगळ्यात जवळचं अंतर २०,००४ किमीच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे सरळ हवाई अंतर म्हणून एखादी साइट २१ हजार सांगत असेल तर तो टॅब तिथेच बंद करा.

नकाशावरची ती वाकडी रेघ बघून दरवेळी कोणीतरी म्हणतंच की विमान एवढा वळसा का घालतंय. विमान वळसा घालत नाहीये राव, नकाशा तसा आहे. आपण सगळे ज्या चौकोनी नकाशावर वाढलो तो मर्केटर नावाच्या नकाशाकाराचा, १५६९ सालचा, समुद्रात होकायंत्राची एक दिशा धरून जाता यावं म्हणून केलेला, त्यात वरचे आणि खालचे भाग फुगवून दाखवलेले असतात. त्यामुळे गोलावरची सरळ रेघ त्यावर कमान होऊन दिसते. ज्या साइट्स नकाशाबरोबर फिरवता येणारा गोल पण देतात त्यांना माझ्याकडून जास्तीचे मार्क. एकदा का गोल फिरवून बघितलं की सिंगापूर-न्यूयॉर्कची रेघ थेट उत्तर ध्रुवाच्या शेजारून जाते हे डोळ्याला दिसतं, मग समजावत बसावं लागत नाही.

मैलांचा घोळ मात्र अजून सगळीकडे आहे. नुसतं "मैल" लिहून मोकळे होतात, कुठला मैल ते नाही. जमिनीवरचा मैल १.६०९ किमीचा आणि विमानवाले, जहाजवाले वापरतात तो नॉटिकल मैल १.८५२ किमीचा. सिंगापूर-न्यूयॉर्क एका मैलात साधारण ९,५३० होतं आणि दुसऱ्या मैलात ८,२८५ च्या आसपास. बाराशेच्या वर फरक! एअरलाइनच्या पॉइंट्सच्या स्कीममधे बहुतेक करून जमिनीवरचा मैल धरतात आणि पायलट बोलतात ते नॉटिकल. साइटवर किलोमीटरचं बटण असलं तर डोळे झाकून तेच दाबा.

आता येऊ तासांवर, कारण खरी बोंब तिथे आहे.

ह्या साइट्स वेळ कशी काढतात माहितीये का? अंतर भागिले एक ठरावीक स्पीड, बहुतेक ताशी ८०० ते ९०० च्या मधलं काहीतरी, आणि वर चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास. बास. उचलली जीभ लावली टाळ्याला. मग उत्तर "१७ तास ३३ मिनिटं" असं मिनिटापर्यंत छापतात, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी खरंच मोजून आलंय. त्या ३३ मिनिटांना काही म्हणजे काही अर्थ नाही. सिंगापूर-न्यूयॉर्कचं एअरलाइनच्या टाइमटेबलमधलं उत्तर साडेअठरा तासांच्याही वर जातं. आणि मजा म्हणजे सिंगापूरहून निघालेलं विमान पुष्कळदा ती ध्रुवाजवळची सगळ्यात जवळची वाट घेतच नाही, पॅसिफिकवरून जातं. किलोमीटर वाढतात पण पाठीवर वारा मिळतो म्हणून वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं. म्हणजे जवळचा रस्ता वेगळा आणि लवकरचा रस्ता वेगळा, आणि साइटला फक्त पहिला माहीत.

वाऱ्याचं हे प्रकरण बऱ्याच जणांना वाटतं तेवढं किरकोळ नाही. साधारण दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारा जेट स्ट्रीम असतो, हिवाळ्यात त्याचा जोर जास्त. लंडन ते न्यूयॉर्क ५,५४० किमी, साइटवर नावं उलटसुलट कशीही टाका, दोन्ही बाजूंनी पावणेसात तासांच्या आसपास तेच उत्तर येतं. प्रत्यक्षात टाइमटेबलमधे लंडनहून न्यूयॉर्कला जायला आठ तासांच्या आसपास धरतात आणि परत यायला सातच्या आसपास. फेब्रुवारी २०२० मधे तर वादळाच्या वाऱ्यावर बसून ब्रिटिश एअरवेजचं एक बोईंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, त्याची बातमी सगळीकडे आली होती. दक्षिण गोलार्धात पण तेच. जोहान्सबर्ग-सिडनी ११ हजार किमी, सिडनीकडे जाताना बारा तासांच्या आत-बाहेर आणि परत येताना चौदाच्या आसपास. साइट काय म्हणते? पावणेतेरा! म्हणजे जाताना पण चूक आणि येताना पण चूक, सरासरी तेवढी बरोबर, आणि सरासरी फ्लाइटमधे कोणी बसत नाही.

(दरवेळी एक शंका येते म्हणून इथेच सांगते, पृथ्वी खालून फिरते म्हणून पश्चिमेकडे जाताना लवकर पोचायला पाहिजे ना, असं काही नसतं, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान हवेत असतं. फरक पडतो तो हवा त्याहून वेगळी वाहते त्याचा, म्हणजे वाऱ्याचा.)

मग येतं राजकारण, आणि इथे तर ह्या साइट्स पार आडव्या होतात. हेलसिंकी-टोकियो हे उदाहरण मी सगळ्यांना देते. सरळ अंतर ७,८०० किमीच्या आसपास, साइटच्या हिशोबाने सव्वानऊ तास, आणि २०२२ च्या आधी खरंच साधारण तेवढेच लागायचे कारण वाट रशियावरून जायची. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपच्या एअरलाइन्सना बंद झालं आणि फिनएअरला त्याच दोन शहरांमधे एकदम तेरा तासांच्या आसपास लागायला लागले, काही फ्लाइट तर उत्तर ध्रुवावरून नेल्या. शहरं हलली नाहीत, विमान बदललं नाही, साइटवरचा आकडा पण बदलला नाही, बसणाऱ्याचे मात्र चार तास वाढले. एवढी मोठी गोष्ट होऊन गेली आणि त्या पानावर साधी एक ओळ नाही की बाबांनो हे सरळ रेघेचं गणित आहे, मधे कोणाचं आकाश बंद आहे का ते तुमचं तुम्ही बघा. अशी तळटीप असलेल्या साइट्स हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या.

युद्ध, बंदी नसली तरी रेघ सरळ राहत नाहीच. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ जवळपास लागतो, १९८५ मधे ही मुदत १२० मिनिटांपर्यंत वाढवली आणि आता काही विमानांना ३०० च्याही पुढची परवानगी आहे, म्हणून आजकाल समुद्रावरून वाटा बऱ्याच सरळ झाल्यात पण दक्षिणेकडच्या महासागरांवर अजून हे बघावंच लागतं. शिवाय वादळं, लष्करी हद्दी, अटलांटिकवर रोज ठरवून दिलेले ट्रॅक. नोव्हेंबर २०१९ मधे क्वांटासने लंडन ते सिडनी मधे न थांबता चाचणी फ्लाइट नेली तेव्हा विमान १७,८०० किमी उडालं आणि १९ तास १९ मिनिटं लागली, सरळ अंतर मात्र १७ हजारच्या थोडंसंच वर आहे. सात-आठशे किमी जास्तीचे, आणि ती तर एवढी आखूनरेखून केलेली फ्लाइट.

बरं आणि "वेळ" म्हणजे कुठली वेळ हे पण कोणी सांगत नाही. तिकिटावर असते ती गेटपासून गेटपर्यंतची, म्हणजे गेटवरून मागे ढकललं तिथपासून पलीकडे गेटला लागेपर्यंत. हवेतली वेळ त्याहून कमी असते, कारण मोठ्या विमानतळावर निघताना रांगेत आणि उतरल्यावर गेट मिळेपर्यंत सहज अर्धा तास जातो. वर एअरलाइन्स उशीर दिसू नये म्हणून टाइमटेबलमधे थोडं सैल धरतात. म्हणून तर "आज वीस मिनिटं आधी पोचलो" अशी घोषणा होते आणि मग आपण गेट रिकामं व्हायची वाट बघत बेल्ट लावून बसलेले असतो. साइट ह्यातलं नक्की काय मोजते? दोन्ही नाही आणि धड एकही नाही.

टाइमझोनबद्दल वेगळं लिहायला हवं कारण काही साइट्स "पोचायची वेळ" पण सांगतात. माझा मावसभाऊ ऑकलंडहून लॉस एंजेलिसला निघालेला तेव्हा मावशीने अशाच एका साइटचा स्क्रीनशॉट पाठवला, वर रात्री ८ ला निघणार, खाली त्याच तारखेला दुपारी १२ ला पोचणार, आणि खाली तिचा मेसेज, "अगं हे काय, निघायच्या आधीच पोचतोय की हा!" मी म्हटलं मावशी, ह्या एकाच बाबतीत साइट बरोबर आहे, मधे तारीख बदलायची रेषा लागते, तो खरा बारा तास बसणारच आहे. पण साइटने तिथे एक ओळ लिहायला काय जात होतं? सगळ्यात बेकार काळ मार्चमधला. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपमधे शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दिवसांत लंडन-न्यूयॉर्क फरक पाच तासांऐवजी चारच असतो. लंडन-सिडनी तर वर्षभरात कधी नऊ, कधी दहा, कधी अकरा. ज्या साइटवर प्रवासाची तारीखच विचारत नाहीत तिने सांगितलेली पोचायची वेळ कोणाला स्टेशन... सॉरी, एअरपोर्टवर घ्यायला जायला वापरू नका.

नावांची गंमत वेगळीच. रकान्यात "सिडनी" टाइप करायला लागलं की खाली यादी उघडते, आणि नीट बघितलं नाही तर बोट कॅनडातल्या सिडनीवर पडतं, नोव्हा स्कॉशियामधल्या. लोक खरोखर तिकीट काढून तिकडच्या सिडनीला पोचलेत, ह्याच्या बातम्या आल्यात. सॅन होजे एक कॅलिफोर्नियात आणि एक कोस्टा रिकात, बर्मिंगहॅम एक इंग्लंडमधे आणि एक अलाबामात, लंडन पण कॅनडात एक आहेच. म्हणून शहराचं नाव टाकूच नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. त्याचा अजून एक फायदा, शहराचं नाव टाकलं की बऱ्याच साइट्स शहराच्या मधोमध टाचणी लावतात, आणि टोकियोच्या मध्यापासून नारिता विमानतळ साठेक किमीवर आहे. विमानाच्या हिशोबात साठ किमी म्हणजे काही नाही, पण उतरल्यावर ते साठ किमी जायला तासभर लागतो आणि तो तास कुठल्याच साइटच्या उत्तरात नसतो.

आता मी काय वापरते ते. अंतरासाठी ग्रेट सर्कल मॅपर. दिसायला अगदी जुन्या जमान्यातली साइट आहे, झगमगाट नाही, पण एका रकान्यात दोन कोड मधे डॅश देऊन टाकायचे की नकाशावर लाल रेघ, अंतर आणि निघताना दिशा किती अंश ते सगळं येतं. कितीही थांबे डॅशने जोडता येतात, स्वल्पविराम देऊन दोन वेगळ्या वाटा एकाच नकाशावर शेजारी बघता येतात, आणि वर सांगितलेल्या दोन इंजिनांच्या मुदतीत विमानतळापासून कुठवर जाता येतं ते वर्तुळ पण काढून दाखवते. शिकायला पाच मिनिटं लागतात, मग सुटत नाही. कामाला पाचपैकी पाच, सौंदर्याला दोन.

वेळेसाठी कॅल्क्युलेटर वापरायचाच नाही. थेट फ्लाइट असेल तर एअरलाइनचं टाइमटेबल बघायचं, दोन्ही दिशांचं वेगवेगळं, आणि प्रवास ज्या महिन्यात आहे त्या महिन्याचं. अजून खात्री हवी असेल तर फ्लाइटरडार२४ सारख्या ट्रॅकरवर त्या फ्लाइटचा नंबर टाकून मागच्या काही दिवसांच्या फेऱ्या उघडायच्या, रोजची वाट किती वेगळी असते ते तिथे दिसतं, काल वरून गेलं, आज दोन देश सोडून खालून गेलं. हवेत प्रत्यक्ष किती वेळ होतं ते पण कळतं, त्यात अर्धा-पाऊण तास मिळवला की गेट ते गेट.

थेट फ्लाइटच नसेल तर? तिथे ह्या साइट्सचा खोटेपणा सगळ्यात जास्त डोक्यात जातो. ह्या लोकांनी जगातल्या प्रत्येक शहराची प्रत्येक शहराशी जोडी लावून मशीनने पानं छापून ठेवलीत. रेक्याविक ते वेलिंग्टन टाकून बघा, सतरा हजारच्या थोडं वर किमी आणि "विमानाने पावणेवीस तास" असं छातीठोक उत्तर. असं विमानच नाही हो! मधे कमीत कमी दोन ठिकाणी उतरावं लागणार, प्रत्येक ठिकाणी दोन-चार तास तरी, वर प्रत्येक टप्प्याची वाट सरळ रेघेपासून बाजूला, दीड दिवस सहज. अशा वेळी प्रत्येक टप्प्याचं टाइमटेबल वेगळं काढायचं, मधले थांबे मिळवायचे आणि दोन फ्लाइट वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर थांबा दुप्पट धरायचा, कारण पहिली लेट झाली तर दुसरीवाले तुमच्यासाठी थांबत पण नाहीत आणि जबाबदारी पण घेत नाहीत.

हां, एका ठिकाणी मात्र त्या सरळ रेघेला कायद्यात किंमत आहे. युरोपियन युनियनच्या नियमात फ्लाइट फार लेट झाली किंवा रद्द झाली तर भरपाई किती ते अंतरावर ठरतं, १,५०० आणि ३,५०० किमीचे टप्पे आहेत, आणि अंतर मोजायचं ते ग्रेट सर्कलनेच असं नियमातच लिहिलंय. तिथल्या कोर्टाने २०१७ मधे हे पण स्पष्ट केलं की एका बुकिंगवर मधे उतरून दुसरी फ्लाइट घेतली असेल तर सुरुवातीचा आणि शेवटचा विमानतळ ह्यांच्यातलं सरळ अंतर धरायचं, टप्प्यांची बेरीज नाही. क्लेम टाकायच्या आधी दोन कोड टाकून तो आकडा बघून घ्या, विशेषतः ३,५०० च्या आसपास असाल तर, आणि स्क्रीनशॉट विमानतळांच्या कोडसकट काढा, शहरांच्या नावांचा नको.